एकोणचाळीसचा रुपया

लातूरच्या गंजगोलाईला लागून मन्मथअप्पा कोरे यांचं भांड्यांचं दुकान आहे. वडिलांनी जाताना त्यांच्या हाती दुकानाची किल्ली दिली आणि किल्लीबरोबर एक नियमही दिला: जी वस्तू आपल्याला घ्यायची आहे तिची कधी तारीफ करायची नाही. गिऱ्हाईक मोड घेऊन आलं, म्हणजे जुना हंडा किंवा फुटकी घागर वजनावर द्यायला आलं, की तोंड वाकडं करायचं, घागर उलटीसुलटी करून बुडावर टिचकी मारायची आणि म्हणायचं, "पत्रा लई पातळ हाय." अप्पांनी हा नियम तीस वर्षं इमानाने पाळला. तो त्यांनी एकदाच मोडला, आणि त्याची जी शिक्षा भोगली तीच ही गोष्ट.

अप्पांना नाण्यांचं वेड लागलं तेही या मोडीतूनच. चाकूरहून आलेल्या एका तांब्याच्या हंड्याच्या बुडाशी चिंधीत गुंडाळलेले सात ढब्बू पैसे निघाले. हंडा आणणारा म्हणाला, "चालत न्हाईत ते, ठिवा तुम्हालाच." झालं. तेव्हापासून व्हिक्टोरिया राणी, तिचा मुलगा एडवर्ड, दाढीवाला पाचवा जॉर्ज, बिनदाढीचा सहावा जॉर्ज अशी अख्खी वंशावळ अप्पांच्या माडीवर मुक्कामाला आली. पाठोपाठ जिनिंग कारखान्यांचे पितळी बिल्ले आले, जे मजूर फाटकावर दाखवायचे आणि संध्याकाळी परत करायचे. चहाच्या हॉटेलांची टोकनं आली. भोकाचे पैसे आले. ते शेतकऱ्यांनी औताच्या नटाखाली वायसर म्हणून घातले होते आणि अप्पांनी स्वतः पाना घेऊन सोडवून आणले होते. त्यांच्या पत्नी मंजुश्रीबाई शेजारणींना सांगत, "सगळ्यांच्या घरी लक्ष्मी येती. आमच्या घरी ती रिटायर होऊन येती."

या राजघराण्यात एक जागा मोकळी होती. एकोणीसशे एकोणचाळीस सालचा चांदीचा रुपया. तो रुपया पाडला गेला, पण लोकांच्या हातात फार थोडा पोचला. लढाई सुरू झाली, चांदीची चणचण झाली आणि पुढच्या सालापासून रुपयात निम्मीच चांदी येऊ लागली. जुन्या चोख रुपयांची लोकांनी वाळे-तोडे करून वाट लावली. अप्पांना एकोणचाळीसचा रुपया दोनदा मिळाला, एकदा हैदराबादेत आणि एकदा सोलापुरात, आणि दोन्ही वेळा भिंगाखाली तो अडतीसचा निघाला. कोणीतरी आठाचं पोट खरवडून त्याचा नऊ केला होता.

दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. अप्पांनी उलट सोनारांचा पिच्छा धरला. वितळवायची चांदी शेवटी जाते कुठे, तर सोनाराच्या मुशीत. मग त्यांनी कार्डं छापून घेतली. वर मोठ्या आकड्यांत १९३९, खाली 'वितळवण्याआधी साल बघा' आणि त्याखाली फोन नंबर. उदगीरपासून हदगावपर्यंत एकही सोनार त्यांनी सोडला नाही. सोनार हसले, कार्डं गल्ल्याखाली सरकवून मोकळे झाले. अप्पा पुढच्या वर्षी नवी कार्डं घेऊन हजर. असं बावीस वर्षं चाललं.

बाविसाव्या वर्षी, दिवाळी होऊन सोयाबीन बाजारात आलं होतं तेव्हा, हदगावच्या व्यंकटी सोनाराचा फोन आला.

"अप्पा, बसलेत का उभे हाव?"

"काय झालं?"

"बसा आधी. तुमचं साल आलंय. एक बाई टाक करायला चांदी घेऊन आली. वाळे हायेत, एक रुपया हाय. मी कार्ड काढून दोनदा ताडून बघितलं. तेच साल हाय."

अप्पांनी भर बाजाराच्या दिवशी दुकानाचं शटर ओढलं. समोरच्या किराणावाल्याला वाटलं, घरात कोणी गेलं की काय. अप्पा काही न सांगता एसटी स्टँडकडे निघाले. चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, आणि नांदेडला गाडी बदलून हदगाव. सहा तासांच्या त्या प्रवासात त्यांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

व्यंकटीने त्यांना आपल्या स्कूटरवरून त्या बाईच्या गावी नेलं. लक्ष्मीबाई पासष्टीच्या होत्या. कापसाचं आणि सोयाबीनचं रान, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर. घर खाऊनपिऊन सुखी होतं. त्यांचे पती रामकिशन गेल्या माघात गेले होते. येत्या माघात वर्षश्राद्ध झालं की त्यांचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा होता. या घरातली रीतच ती. माणूस गेला की वर्षाने पत्र्यावर त्याची उभी आकृती ठोकून घ्यायची आणि खंडोबा-भवानीच्या रांगेला त्याला बसवायचं. रामकिशनचे वडील, आजोबा तिथे आधीच बसले होते.

अप्पा लिंगायत. त्यांच्या घरात ना टाक, ना मूर्ती. गळ्यातलं लिंग हाच देव. टाकाचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. त्यांची नजर लक्ष्मीबाईंच्या हातातल्या रुपयावर होती.

"घ्या की, बगा," असं म्हणून बाईंनी तो सरळ त्यांच्या तळहातावर ठेवला.

अप्पांनी भिंग लावलं. नऊ अस्सल होता, एकसंध, कुठे खरवड नाही. काटा बरोबर आणला होता, त्यावर वजन केलं. बरोबर भरलं. सहाव्या जॉर्जचं नाक थोडं झिजलेलं होतं, तेवढंच. अप्पांनी तो पुन्हा एकदा भिंगाखाली धरला.

"कुठला हो हा, अक्का?"

"ह्यांच्या बापानं उमरखेडला कापूस इकला व्हता. तिकडं इंग्रजाचं चालायचं, म्हणून कलदार भेटला. इकडं निजामाचा हाली रुपया चालायचा. सगळे मोडले, हा तेवढा राहिला." बाईंनी पदर सावरला. "तुम्हाला पाहिजे म्हणून व्यंकटी सांगून राहिला व्हता. न्या मग. चांदीचा काय भाव असंल तो द्या. टाकाला वाळे हायेत की. चांदीला चांदी."

गोष्ट इथेच संपायची. अप्पांनी हजार-दीड हजार रुपये मोजायचे, चहा प्यायचा आणि लातूरची गाडी धरायची. वडील असते तर त्यांनी मुकाट्याने तेच केलं असतं, वर नाक झिजलंय म्हणून शंभर कमी केले असते. अप्पांनीही खिशात हात घातला. पण बाईंनी नाणं ज्या निर्धास्तपणे त्यांच्या हातावर ठेवलं होतं, तो त्यांना खिशातून हात काढू देईना.

"अक्का, चांदीच्या भावात न्हाई घेता येणार मला," ते म्हणाले. "ह्याची किंमत लाखाच्या पुढं हाय. मी बावीस वर्षं ह्याच्या मागं हाय. पाच-सात जिल्हे पालथे घातले, एक बी खरा मिळाला न्हाई. असा रुपया आता कोणाच्या घरात निघत न्हाई. तुमच्याकडं काय हाय, हे तुम्हाला ठावं पाहिजे."

एकदा सुटलेली जीभ मग थांबेना. कसा पाडला, कसे सगळे वितळले, जाणकार लोक त्यासाठी कसे जीव टाकतात, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. व्यंकटी मागून त्यांचा सदरा ओढत होता. लक्ष्मीबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. दाराशी त्यांचा तिशीतला मुलगा आदिनाथ येऊन उभा राहिला होता, तोही ऐकत होता.

"एवढा मोठा हाय का हा?" बाईंनी विचारलं.

"लई मोठा हाय."

बाईंनी हात पुढे केला. अप्पांनी रुपया परत त्यांच्या हातावर ठेवला आणि बाईंनी मूठ मिटली.

"चाळीस वर्षं संसार केला, अप्पा. ह्यांनी स्वतःसाठी भारी काय कधी घेतलं न्हाई. चप्पल घ्यायची तर स्वस्तातली, धोतर घ्यायचं तर जाडंभरडं. मी म्हणायची, एकदा तरी चांगलं घ्या. घेतलं न्हाई ते न्हाईच. मग आता टाक ह्याचाच करू. वाळे राहू द्या."

क्षणापूर्वी जी बाई रुपया चांदीच्या भावात द्यायला निघाली होती, तिला आता लाखानेही तो द्यायचा नव्हता, आणि ही करणी त्यांच्या स्वतःच्या तोंडाची. परतताना व्यंकटी स्कूटरवर एवढंच म्हणाला, "अप्पा, तुम्ही भांड्याचे व्यापारी कसे काय झालात हो?"

पण अप्पाही हाडाचे हट्टी. माघाला अडीच महिने होते. ते दर पंधरवड्याला हदगावला जाऊ लागले. एकदा पाव किलो चोख चांदीची वीट घेऊन गेले, एवढ्यात सात पिढ्यांचे टाक झाले असते. बाईंनी विटेला हात लावून पाहिला आणि परत दिली. एकदा रकमेचा आकडा वाढवला. बाई म्हणाल्या, "अप्पा, उन्हाचं आलात, आधी जेवून घ्या." ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाची चटणी. अप्पा जेवले आणि रिकाम्या हाताने परतले. शेवटी त्यांनी मंजुश्रीबाईंना बरोबर नेलं. बायकांचं बायकांना पटतं असा हिशोब. दोघी स्वयंपाकघरात तासभर बोलत बसल्या. बाहेर आल्यावर मंजुश्रीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. चला घरी."

"अगं, तू कोणाच्या बाजूनं हायेस?"

"तुमच्या माघारी मी तुमचं काय करणार, ते त्यांनी मला इचारलं. मला काय सांगता आलं न्हाई."

अप्पांनी जिद्द मात्र सोडली नाही. माघातलं वर्षश्राद्ध उरकलं. पुढच्या गुरुवारी बाई व्यंकटीकडे टाक ठोकून घ्यायला येणार, असं ठरलं. अप्पांनी ठरवलं की गुरुवारी आपणही तिथे जायचं आणि मुशीत पडेपर्यंत विचारत राहायचं.

बुधवारी दुपारी आदिनाथच लातूरला त्यांच्या दुकानात आला. स्टुलावर बसला, पाणी प्यायला, इकडे-तिकडे बघून खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत एकोणचाळीसचा रुपया होता.

"आईनं दिला?" अप्पांनी विचारलं.

"आईकडं दुसरा ठिवलाय. तोच राजा, तेवढाच मोठा. नांदेडात एकाकडून घेतला, चव्वेचाळीसचा. आईला आकडे येत न्हाईत. तिला रुपया पाहिजे, तिच्यापाशी रुपया हाय. तुम्हाला हा पाहिजे, तुमच्यापाशी हा आला." तो धीटपणे बोलायचा प्रयत्न करत होता, पण नजर वर उचलत नव्हता. "मला हदगावात खता-बियाण्याचं दुकान टाकायचं हाय, अप्पा. मी काय दारूत उडवायला मागत न्हाई. अन् माझा बाप काय नाण्यात बसलाय का? तो आमच्या ध्यानात हाय. टाक कशाचा बी केला तरी बाप तोच."

पोरगा चूक बोलत होता असंही नाही. अप्पांना टाकाचं काही नव्हतंच. त्यांनी रुपया उचलला. या वेळी तो परत मागायला समोर कोणी नव्हतं. त्यांनी आदिनाथला सांगितलं, पैशाची जोडणी करतो, मुक्काम कर, सकाळी ये. मग माडीवर जाऊन त्यांनी सहाव्या जॉर्जची रांग काढली आणि मधल्या मोकळ्या खाचेत रुपया बसवला. बावीस वर्षांनी रांग पुरी झाली होती. आनंद होईल म्हणून ते थोडा वेळ वाट बघत बसले. तो झालाही, खोटं कशाला बोला. संध्याकाळभर ते तीन वेळा जाऊन बघून आले.

सकाळी आंघोळ करून अप्पा पूजेला बसले. डाव्या तळहातावर लिंग घेतलं, भस्म लावलं, आणि रोजच्यासारखी नजर स्थिर करायला गेले. ती स्थिर होईना. उद्या हे लिंग झोपेत कोणी बदललं आणि त्याजागी तसाच दिसणारा दुसरा खडा ठेवला, तर आपण त्यालाच रोज पाणी घालू, त्याच्यापुढे डोळे मिटून बसू, आणि आपल्याला कधीच कळणार नाही. तिकडे ती बाई आयुष्यभर हेच करणार होती. चव्वेचाळीसच्या निम्म्या चांदीला रामकिशन समजून हळदकुंकू वाहणार होती. आणि तिला रुपया मोठा आहे हे सांगणारे आपणच. अप्पांना स्वतःची लाज वाटली, एवढी की पूजा अर्धवट ठेवून ते उठले. माडीवर जाऊन रुपया खाचेतून काढायच्या आधी त्यांनी पुरी झालेली रांग आणखी एकदा बघून घेतली. पण काढला.

आदिनाथ पैसे घ्यायला आला, तेव्हा अप्पा धोतर बदलून, पिशवी घेऊन पायरीवर उभे होते.

"चल. पहिली गाडी धरू."

"कुठं?"

"तुझ्या आईकडं."

आदिनाथ आधी चिडला, मग गयावया करू लागला. अहमदपूर गेल्यावर म्हणाला, "आई मला घरात घ्यायची न्हाई." अप्पा म्हणाले, "मी सांगतो, माझ्याकडून झालं म्हणून." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मनात मात्र त्यांनी बाईंना शेवटचं काय विचारायचं याची जुळवाजुळव चालवली होती. रुपया परत द्यायचा होता, पण तो मागायचा नाही असं कुठे ठरलं होतं?

ते पोचले तेव्हा लक्ष्मीबाई व्यंकटीच्या दुकानात येऊन बसल्या होत्या. शेगडी पेटली होती, मूस तापत होती, टाकाचा ठसा बाजूला पुसून ठेवला होता. बाईंनी पदराची गाठ सोडून रुपया व्यंकटीपुढे ठेवला होता. व्यंकटीने तो एकदा उलटा केला, सुलटा केला आणि दारात आलेल्या अप्पांकडे बघितलं. सोनाराला काय कळायचं ते कळलं होतं.

अप्पांनी खिशातली पुडी सोडली आणि दुसरा रुपया त्याच्या शेजारी ठेवला.

"अक्का, तुमचा हा हाय. माझ्याकडं आला व्हता. माझी चूक झाली."

बाईंनी दोन्ही रुपयांकडे पाहिलं नाही. त्या मुलाकडे बघत होत्या.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "मला साल वाचता येत न्हाई, पण हात मेला न्हाई माझा. ह्यांच्या रुपयाची कड सरळ व्हती. ह्याच्या कडेला मधून खाच हाय. परवा पदराला बांधून राहिले, तवाच नखाला लागली."

"मग बोललात का न्हाई, वहिनी?" व्यंकटीने विचारलं.

"काय बोलू? पोटच्या पोराला चोर म्हणू? म्हणलं, गुरुवारपर्यंत वाट बघू. आणून ठिवतो का न्हाई ते बघू. आज इथं येऊन बसले, तरी वाटच बघत व्हते. त्यानं न्हाई आणला. तुम्ही आणला."

आदिनाथ उंबऱ्यातच खाली बसला.

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हीच वेळ होती, आणि त्यांनी ती सोडली नाही. "अक्का, रुपया तुमचा तुम्हाला मिळाला. आता एकदाच इचारतो, पुन्हा न्हाई इचारणार."

"इचारा."

"असले रुपये जगात थोडे राहिलेत. हा मुशीत गेला की गेला, पुन्हा कोणाला करता येणार न्हाई. मला द्या. मी काचेखाली ठिवीन. खाली रामकिशनरावांचं नाव लिहीन, गावाचं नाव लिहीन. तुमच्या देव्हाऱ्यात चार माणसं बघतील, माझ्याकडं शेकडो बघतील. त्यांचं नाव राहील."

बाईंनी विचार केला. खरोखरच केला, व्यंकटीला शेगडीची आच कमी करावी लागली, एवढा वेळ. अप्पांना वाटलं, जमतंय.

"अन् तुमच्या माघारी?" बाईंनी विचारलं.

अप्पांची दोन्ही मुलं पुण्यात. माडीवरच्या राजघराण्याला ती भंगार म्हणत. अप्पांना काही तरी बोलता आलं असतं. म्युझियमला देतो, ट्रस्टला देतो. पण या बाईशी खोटं बोलायची त्यांना आता हिंमत उरली नव्हती.

"इकतील," ते म्हणाले.

"तेच म्हणते मी. नाणं हाय तवर त्याला भाव हाय. अन् भाव हाय तवर कोणाचा ना कोणाचा जीव त्यात अडकून राहतो. तुमचा अडकला. माझ्या पोराचा अडकला, चांगल्या पोराचा. उद्या नातवाचा अडकंल. ह्यांना मी तसं हातोहात फिरू देऊ? टाकाला कोणी भाव इचारत न्हाई, अप्पा. टाक झाला की हे कायमचे घरी आले."

बाईंनी एकोणचाळीसचा रुपया उचलून व्यंकटीपुढे धरला. व्यंकटीने हात मागे घेतला.

"वहिनी, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. गल्ल्याखाली बावीस वर्षांची कार्डं हायेत ह्या माणसाची. त्यांच्यासमोर मी कसा टाकू?"

"मग त्यांनाच टाकू द्या," बाई म्हणाल्या आणि रुपया अप्पांपुढे केला. "ज्याला त्याची किंमत कळती, त्याच्या हातानं जाऊ द्या. मला तर नुसता रुपया दिसतो."

अप्पांनी रुपया घेतला. एकदा शेवटचा म्हणून आकडा बघितला, राजाचं झिजलेलं नाक बघितलं. मग व्यंकटीकडून सांडशी मागून घेतली, रुपया तिच्यात नीट धरला आणि मुशीत सोडला. वर टाकणखाराची चिमूट टाकली. रुपया लगेच वितळला नाही. लाल मुशीच्या तळाशी तो तसाच पडून राहिला, सालासकट, राजासकट, सांडशीने अजून सहज काढता आला असता इतका. व्यंकटी अप्पांच्या तोंडाकडे बघत थांबला होता.

"बघत काय बसलास," अप्पा म्हणाले. "आच वाढव."